कोणता विषय घेऊ, बाबा?

दहावीचा निकाल लागला की गिरगावातल्या चाळीत पेढे वाटले जातात, आणि पेढा तोंडात असतानाच प्रत्येक जण विचारतो, "मग? आता कोणती साइड?" या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या आधी आई देते, आईच्या आधी वडील देतात, आणि वडिलांच्याही आधी समोरच्या खोलीतले काका देतात. मुलगा बिचारा पेढ्यांचे ताट धरून उभा असतो. त्याचे मत विचारायचे कुणाच्या लक्षातच येत नाही.

दिवाळीची एक साडी घ्यायची तर आपण दादरची चार दुकाने पालथी घालतो, पोत पाहतो, रंग टिकेल का म्हणून विचारतो. मुलाचे विषय मात्र शेजारच्या बंड्याने काय घेतले यावरून दहा मिनिटांत ठरतात. साडी विटली तर बोहारणीला देता येते. विषय चुकला तर एक-दोन वर्षे जातात, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

मुलाने काय व्हावे हे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. सांगायचे आहे ते एवढेच, की प्रत्येक विषयामागे काही दारे असतात. विषय घेताना कोणते दार उघडते हे आपण पाहतो. विषय सोडताना कोणते दार लागते हे मात्र पाहत नाही.

मॅट्रिक गेली, धाक राहिला

या धाकाला मोठा इतिहास आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाच्या दरवाजावरची तपासणी. शाळा कशी पार पडली यापेक्षा मुलगा कॉलेजात चालेल का, हे पाहण्यासाठी ती होती. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने एस. एस. सी. चे मंडळ आले. शाळा संपल्याचे प्रमाणपत्र ही एक गोष्ट आणि कॉलेजात जाण्याची पात्रता ही दुसरी, हा फरक तेव्हापासून ठळक झाला. एस. एस. सी. पास झालेल्या मुलालाही विद्यापीठात जायचे तर विद्यापीठाने सांगितलेले विषय त्यात असावे लागत. कित्येक घरांना हा फरक निकालानंतरच कळे.

१ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले. नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि जुनी अकरावी मॅट्रिक इतिहासजमा झाली. नावे बदलली, वर्षे बदलली. पण पास होणे वेगळे आणि पुढच्या वाटेला पात्र होणे वेगळे, ही गोष्ट आजही तशीच आहे. गोंधळ होतो तो इथेच.

विषय नाकारलेला विद्यार्थी

विषयाच्या निवडीची किंमत कळायची असेल तर परळच्या एका विद्यार्थ्याची हकीकत आठवावी. चाळीतल्या एका खोलीत संसार, त्याच खोलीत अभ्यास. वडील लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. मुलाला शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. पण अस्पृश्य म्हणून त्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि नाइलाजाने त्याने फारसी घेतली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून तो मॅट्रिक झाला. गुण मिळाले ७५० पैकी २८२. हे गुण आजच्या पेढेवाल्या घरांना फारसे वाटणार नाहीत. पण त्या समाजात ही घटना एवढी मोठी होती की त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला तिथे भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर केला.

या हकीकतीतून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, विषय निवडता येणे हा हक्क आहे. तो ज्यांना नाकारला गेला त्यांना त्याचे मोल कळले. आपल्याला तो फुकट मिळाला म्हणून आपण तो शेजाऱ्यांच्या हवाली करतो. दुसरी, गुणांचा आकडा म्हणजे माणूस नव्हे. चरणी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची केळुसकर गुरुजींनी आस्थेने विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली, पुढे बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. अशी विचारपूस करणारे एक वडीलधारे माणूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला यायला हवे.

आठवीतला पहिला फाटा

निवड दहावीनंतर सुरू होते असे आपण मानतो. खरे तर पहिला फाटा आठवीत लागतो. संपूर्ण संस्कृत घ्यायचे, संपूर्ण हिंदी घ्यायचे, की दोन्ही निम्मे-निम्मे? मराठी घरांतला कौल बहुधा संपूर्ण संस्कृतला पडतो. संस्कृत पेपरात पैकीच्या पैकी मिळतात, हे त्याचे कारण. कारण खोटे नाही. पण पाठांतराचा कंटाळा असलेल्या मुलाच्या गळ्यात केवळ टक्क्यांसाठी संस्कृत बांधले, तर टक्केही येत नाहीत आणि भाषेची गोडीही जाते. ज्याला शब्दांचे वेड आहे त्याने जरूर घ्यावे. ज्याला नाही त्याने निम्मे घेतले म्हणून घराण्याची अब्रू जात नाही.

काही शाळांत तांत्रिक विषयांची सोय असते. हाताने काम करायची आवड असलेल्या मुलाला त्यांचा फार उपयोग होतो. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षाही नुसती हौस नव्हेत. त्यांचे काही वाढीव गुण दहावीला मिळतात, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मनात असेल तर हात तयार होतो.

३५ चा उंबरठा

आता दहावीचे गणित. एकूण गुण ६०० : तीन भाषांचे ३००, गणिताचे १००, विज्ञानाचे १०० आणि समाजशास्त्रांचे १००. २०१० पासून टक्केवारी काढताना सहांपैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात. यामुळे काही हुशार मुले एक नावडता विषय मनातल्या मनात सोडूनच देतात. ही चूक करू नये. टक्केवारीतून विषय वगळला जातो, उत्तीर्ण होण्याच्या अटीतून वगळला जात नाही. ३५ चा उंबरठा ओलांडावाच लागतो.

या बाबतीत गणिती रामानुजन यांचे उदाहरण बोलके आहे. गणितात ते एवढे बुडाले की बाकीच्या विषयांकडे पाहीनात. कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली आणि पुढे एफ. ए. ची परीक्षाही त्यांना पास होता आली नाही. त्यांना केंब्रिजचे हार्डी भेटले. प्रत्येकाला हार्डी भेटत नाही. तेव्हा आवडत्या विषयासाठी रात्र जागवावी, आणि नावडत्या विषयाला रोज अर्धा तास निमूटपणे द्यावा.

शेवटापासून मागे या

दहावीनंतर लोक विचारतात, "टक्के किती? त्यात कोणती साइड बसते?" हा प्रश्न उलटा करून विचारावा. मुलाला जिथे पोचायचे आहे तिथल्या प्रवेशाची अट काय, ती आधी पाहावी आणि तिथून पावलापावलाने मागे यावे.

डॉक्टर व्हायचे तर बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हवे. इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांना पदार्थविज्ञान आणि गणित हवे. सायन्सला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स असा २०० गुणांचा व्यवसाय विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. हा सुटणारा विषय बहुधा जीवशास्त्र असतो. सुटले म्हणून मुलगा खूश होतो. त्याच वेळी वैद्यकीय शिक्षणाचे दार लोटले गेले, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. शिवाजी पार्कवर विमानाकडे पाहत उभा राहणारा मुलगा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात किंवा नौदलात जाऊ म्हणत असेल, तर त्यालाही बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित लागते. भूदलाला कोणतीही शाखा चालते.

कॉमर्समध्ये गणित की सेक्रेटरियल प्रॅक्टिस, असा प्रश्न येतो. बी. कॉम. गणितावाचून होते, सी. ए. ही होता येते. पण संख्याशास्त्राकडे वळायचा विचार पुढे आला, तर गणित सोडल्याची चुटपुट लागते. "मुलगी आहे, तिला गणित कशाला?" हे वाक्य तर आता घराघरांतून हद्दपारच व्हावे. गणित जमते आहे आणि पुढचे काही ठरलेले नाही, अशी स्थिती असेल तर गणित ठेवावे. ते सर्वांत जास्त दारे उघडी ठेवते. मात्र ज्याला ते मुळीच जमत नाही त्याला त्याने जखडून ठेवू नये.

आणि आर्ट्स? "काहीच मिळाले नाही म्हणून आर्ट्स" असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि सनदी सेवांच्या परीक्षेला कोणतीही पदवी. ज्या मुलाला वाचनाचे वेड आहे, त्याच्यासाठी ही पहिल्या पसंतीची वाट असू शकते.

एक वाट आपण विसरतोच. दहावीनंतर आय. टी. आय. आहे, तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे; आणि डिप्लोमावाल्याला पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. लालबाग-परळला हे वेगळे सांगायला नको. १८८७ साली निघालेल्या व्ही. जे. टी. आय. ने या शहराच्या गिरण्यांना कितीतरी तंत्रज्ञ पुरवले. पूर्वी मुलगा शिकला नाही तरी वडिलांच्या ओळखीने गिरणीत बदली म्हणून लागे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो आधार संपला. आता हातात कौशल्य तरी हवे, नाही तर प्रमाणपत्र तरी. दोन्ही असली तर उत्तम.

वाट चुकली तर

एवढे करूनही चुकते. चुकले म्हणून मुलाला घरात गुन्हेगारासारखे वागवू नये. मार्चमध्ये विषय राहिला तर त्याच उन्हाळ्यानंतर पुरवणी परीक्षा असते. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी ए. टी. के. टी. ची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. बारावीनंतर एखादा विषय हवासा वाटला तर मंडळाच्या परीक्षेला तेवढा तुरळक विषय घेऊन बसता येते. गुण कमी वाटले तर श्रेणीसुधाराची सोय आहे. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी रात्रशाळा आहेत. गिरणगावात कितीतरी माणसे दिवसाची पाळी संपवून रात्री शाळेच्या बाकावर बसली आणि चाळीसाव्या वर्षी पास झाली. त्यांच्या पेढ्यांची गोडी वेगळीच असते.

दिवाळीच्या आगेमागे दहावी-बारावीच्या परीक्षेचे फॉर्म भरले जातात. फराळाच्या निमित्ताने सगळे घरात असतात, तेव्हा एक संध्याकाळ यासाठी काढावी. मुलाला तीन प्रश्न विचारावेत : कोणता विषय कुणी न सांगता उघडून बसतोस? जिथे जायचे म्हणतोस तिथली अट स्वतः वाचलीस का? हा विषय सोडलास तर काय काय सोडतो आहेस, हे ठाऊक आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला येत नसेल, तर फॉर्मवर सही करण्यापूर्वी शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या शिक्षकांना दोघांनी मिळून भेटून यावे. कारण फॉर्मवर पालक म्हणून सही आपली असली, तरी त्या विषयांबरोबर आयुष्य काढायचे आहे ते मुलाला.