लिलोची बाहुली

चित्रांना हालचाल देऊन मुलांसाठी जे चित्रपट काढले जातात, त्यांत दुसऱ्याला हिणवणारी मुलगी वारंवार आढळते. पोशाख नीटनेटका, भोवती मैत्रिणींचा घोळका आणि जिभेवर टोमणा, असे तिचे रूप ठरलेले असते. जिची थट्टा होते, तिच्या शिरावर पुष्कळदा आई व वडील या दोघांचे छत्र नसते.

डिस्नी या अमेरिकन संस्थेच्या १९५० सालच्या 'सिंड्रेला' चित्रपटात पोरक्या नायिकेचा झगा तिच्या सावत्र बहिणी ओरबाडून फाडतात. त्या घरातील एकटी पालक म्हणजे कठोर सावत्र आई. त्याच संस्थेच्या २००२ सालच्या 'लिलो अँड स्टिच'मध्ये मात्र एकट्या पालकाचे निराळेच रूप दिसते.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी कावाई बेटावर लहानगी लिलो राहते. एके दिवशी ती नृत्याच्या वर्गात उशिरा व ओलीचिंब होऊन येते. समुद्रातील एका माशाला आपण दर गुरुवारी खाऊ देतो, कारण हवामान त्याच्या हाती असते, असे ती सांगते. मर्टल नावाची मुलगी तिला वेडी म्हणते. लिलो तिच्यावर झेप घेते व तिला चावते. हे वर्तन योग्य नव्हेच. परंतु त्यामागील दुःख पुढे कळते. पावसाच्या दिवशी मोटारीतून गेलेले तिचे आईवडील परत आलेच नव्हते. माशाच्या खाऊचा अर्थ तेव्हा उमगतो.

लिलोचा सांभाळ तिची थोरली बहीण नानी करते. चाकरी टिकवावी, स्वयंपाक करावा, रुसलेल्या लिलोची समजूत घालावी आणि घराची पाहणी करण्यास येणाऱ्या अधिकाऱ्यालाही तोंड द्यावे, अशी तिची ओढाताण होते. ती रागावते, चुकतेही. परंतु लिलोला अंतर देत नाही.

वर्गातील मुलींजवळ सुबक बाहुल्या असतात. लिलो स्वतः केलेली, मोठ्या डोक्याची बाहुली पुढे करते. मुली निघून जातात. ती रागाने बाहुली खाली टाकते व चालू लागते. पण लगेच मागे फिरून तिला उचलते आणि उराशी धरते. आपले म्हटले, ते उणे असले तरी टाकून द्यावयाचे नसते, हे नानीच्या वागण्यातून तिने जाणले असावे.

मर्टलला ओले कपडे तेवढे दिसले. लिलोचे घर दिसले नाही. कोणाला हसण्यापूर्वी त्याच्या घराकडे मनाने एकदा पाहावे, हेच बरे.