पार्टिशन उडालं, तरी डेटा शाबूत असतो

खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं खंडाळा, पलीकडे लोणंदचा कांदा बाजार, महामार्गावर शिरवळची औद्योगिक वसाहत. तालुकाभर लग्नाचे फोटो, आडतीचे हिशेब, वर्कशॉपची ड्रॉइंग्ज आता हार्ड डिस्कवरच असतात. मशीन मंदावलं की विंडोज नव्यानं टाकतात आणि नेमका तिथेच घात होतो. विंडोज टाकताना समोर येणाऱ्या यादीत ‘सी’, ‘डी’ ही ओळखीची अक्षरं नसतात, मुख्यतः क्रमांक आणि आकार असतात. घाईत भलत्याच ओळीवर डिलीट दाबलं जातं आणि वर्षानुवर्षांचा ‘डी’ ड्राइव्ह गायब होतो.

अशा वेळी धीर सोडू नये, कारण पुसली जाते ती फक्त पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या त्या भागाची, नोंद. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये पार्टिशनचा तक्ता असतो. १६ बाइटांची एक, अशा चार नोंदी, म्हणजे अवघे ६४ बाइट. कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि केवढं आहे, हेच मुख्यतः त्यात लिहिलेलं असतं. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही, तसंच इथे आहे. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. पण पार्टिशन डिलीट केलं की दोन्ही प्रती बदलतात, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

नोंद गेली की ती जागा संगणकाला मोकळी वाटते. खरा धोका आता सुरू होतो. तिथे नवीन विंडोज, एखादं डाउनलोड, अगदी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर जरी उतरलं, तरी जुन्या फाइलींवर नवा मजकूर चढतो. जिथे तो चढला, तिथलं काहीच परत मिळत नाही. म्हणून मशीन ताबडतोब बंद करावं. ‘फॉरमॅट करू का?’ असं विंडोजनं विचारलं, तर नाही म्हणावं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि आधी तिची सेक्टर-दर-सेक्टर प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवावी. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं ‘टेस्टडिस्क’ हे सॉफ्टवेअर या कामासाठी मोफत मिळतं. ते डिस्कभर हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधतं. विंडोजची एनटीएफएस पद्धत आपल्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या शेवटी ठेवते, तीही इथे उपयोगी पडते. सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइली आधी उघडून बघाव्यात. त्या नीट दिसल्या, तरच तक्ता पुन्हा लिहावा. त्यानं जमलं नाही, तर ‘फोटोरेक’ हे सॉफ्टवेअर फाइलींच्या आरंभखुणांवरून माग काढतं. मात्र त्यात फाइलींची नावं आणि फोल्डर हरवतात आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेले मोठे व्हिडिओ बहुधा तुटके मिळतात.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कला लागू आहे. एसएसडीत ‘ट्रिम’ नावाची आज्ञा असते. क्विक फॉरमॅट केल्यावर विंडोज ती पाठवतं आणि डिस्क स्वतःच ती जागा साफ करायला घेते. तिथे आशा फार थोडी उरते. बिटलॉकरचं कुलूप असेल, तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी किल्लीशिवाय सापडलेला डेटाही वाचता येत नाही. डिस्क खडखड आवाज करत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच द्यावी.

दुकानदारानं आणि गिऱ्हाइकानंही एक शिस्त पाळायला हवी. विंडोज टाकण्याआधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, दोन-चार फाइली उघडून तपासायच्या आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवायची. अर्ध्या दिवसाचं हे काम कुणाच्या तरी लग्नाचे फोटो वाचवतं. ते लग्न पुन्हा लावता येणार नसतं.