डाळिंबात दाणे किती भरणार? मधमाशीचा यात काय संबंध?

आमच्या पळसदेव भागात उजनीच्या पाण्यावर ऊस आहे, केळी आहे आणि डाळिंबही आहे. बहार धरला की बांधावर एकच चर्चा असते, "सेटिंग कसं झालंय?" खत, पाणी, औषध यांचा खर्च वहीत लिहिलेला असतो. मधमाशीचं नाव मात्र त्या वहीत कुठंच नसतं. ते का असायला हवं, ते आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

दाणा म्हणजे नेमकं काय?

आपण डाळिंबाचा जो लाल दाणा खातो, तो म्हणजे रसाळ आवरण असलेली एक बी. फुलाच्या बुडात अशा कितीतरी कच्च्या बिया, म्हणजे बीजांडं असतात. परागकण फुलाच्या टोकावर पडतो, त्याची बारीक नळी आत उतरते आणि एका बीजांडाचं फलन होतं. एक परागकण, एक बी, एक दाणा असा साधा हिशोब आहे. पराग कमी पडला तर दाणे कमी भरतात.

डाळिंबाला दोन प्रकारची फुलं येतात. बूड निमुळतं, घंटेसारखं असेल तर ते नर फूल. ते गळणारच, त्याचं फळ मधमाशीही करू शकत नाही. बूड तांब्यासारखं फुगीर असेल तर त्याला आपण मादी कळी म्हणतो. खरं तर तिच्यात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे थोडं परागीभवन तिचं तिलाच जमतं. पण या फुलापासून त्या फुलापर्यंत भरपूर पराग पोचवायचं काम प्रामुख्याने मधमाश्याच करतात.

बी कमी, तर फळ लहान का?

वाढणारी बी संप्रेरकं तयार करते. 'इकडे अन्न पाठवा' असा निरोप त्यातून झाडाला जातो. १९५० साली नीच या शास्त्रज्ञाने स्ट्रॉबेरीवर हे दाखवून दिलं. फळावरचे बारीक दाणे काढले की तिथली वाढ थांबायची. त्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं की पुन्हा सुरू व्हायची. ब्लूबेरीतही जास्त बिया असलेलं फळ सहसा मोठं होतं. कलिंगड एका बाजूने बारीक राहतं, त्यामागेही बऱ्याचदा अपुरं परागीभवन असतं.

मग बिनबियांच्या द्राक्षाचं काय?

थॉमसन जातीत बी सुरुवातीलाच खुंटते, म्हणून मणी लहान राहतो. त्यासाठीच आपण घड 'जीए'मध्ये, म्हणजे जिब्रेलिक ॲसिडमध्ये बुडवतो. बीने करायचं काम आपण बादलीतून करतो! डाळिंबात ही युक्ती पुरत नाही, कारण तिथं बी हाच आपला माल आहे.

फुलोऱ्यात काय करायचं?

- फुलं उमललेली असताना कीटकनाशक शक्यतो टाळा. अगदीच गरज पडली तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी उशिरा फवारा.
- पेट्या ठेवल्या असतील तर फवारणीआधी पेटीवाल्याला कळवा. शेजाऱ्यालाही सांगा; माशी बांध ओळखत नाही.
- पेट्यांजवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात खडे ठेवा, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.

मधमाशी आली म्हणजे सगळं झालं, असं नाही. पाण्याचा ताण, अन्नद्रव्यं, तेल्या, झाडावरचा फळांचा भार यावरही फळाचं वजन ठरतं. पण फलनच न झालेल्या बीजांडाचा दाणा नंतर कितीही खत घातलं तरी तयार होत नाही.

पटत नसेल तर तुमच्याच बागेत करून बघा. दहा-बारा मादी कळ्यांना उमलण्याआधी मलमलच्या पिशव्या बांधा, फूल सुकल्यावर काढा. तेवढ्याच उघड्या कळ्यांना, त्याच झाडांवर, रंगीत दोरा बांधा. किती फळं टिकली ते लिहून ठेवा, आणि तोडणीला दोन्हीकडची फळं फोडून दाणे मोजा. पुढच्या बहाराला मधमाशीचं पान उघडायचं की नाही, ते तुमची वहीच सांगेल.