कन्सोलनिष्ठा आणि बाह्य निर्मात्यांचे खेळ : 'वी यू'चे उदाहरण

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात यंत्र एका कंपनीचे, तर त्यावरील बरेचसे खेळ अन्य कंपन्यांचे असतात. यंत्रावर निष्ठा असणारा ग्राहक या बाह्य निर्मात्यांचेही खेळ घेईल, असे गृहीत धरले जाते. निंटेंडोच्या बाबतीत हे गृहीतक फारसे टिकत नाही. १९९६ मध्ये 'निंटेंडो ६४'साठी कंपनीने सीडीऐवजी कमी क्षमतेचे कार्ट्रिजच कायम ठेवले आणि स्क्वेअरने 'फायनल फँटसी ७' (१९९७) सोनीच्या 'प्लेस्टेशन'वर नेला. चाहते मात्र मारिओ, झेल्डा या घरच्या खेळांसाठी निंटेंडोपाशीच राहिले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये 'वी यू' आले, तेव्हा युबिसॉफ्टने 'झॉम्बीयू' हा खेळ खास त्यासाठी रचला. तो फायदेशीर ठरला नाही. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये, केवळ 'वी यू'साठी जाहीर झालेला 'रेमन लेजेंड्स' सप्टेंबरपर्यंत लांबवून प्रतिस्पर्धी यंत्रांनाही देण्याचे ठरले. चाहते संतापले. संताप समजण्याजोगा होता. तथापि आधीचा खेळ न घेणारेही त्यांत असावेत. ग्राहक थोडे म्हणून खेळ थोडे, आणि खेळ थोडे म्हणून ग्राहक थोडे, अशा या चक्रात 'वी यू'ची एकूण विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबली. २०१७ च्या 'स्विच'कडे अनेक बाह्य निर्माते वळले, ते त्याचा खप वाढल्यावर.