तहान उन्हाची की साखरेची?

रक्तातील साखर डेसिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. रात्री तीन-चारदा उठावे लागते, घशाला कोरड पडते. लघवीला मुंग्या लागतात, हे प्राचीन वैद्यांच्याही ध्यानात आले होते.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या आदिवासी गावपाड्यांत मधुमेहाच्या या खुणा सहज नजरेआड होतात. वीटभट्टीवर राबणाऱ्याला तहान लागणारच, आवणीत दिवसभर वाकून थकवा येणारच, असे धरले जाते. पण फरक ओळखता येतो. घामाने पाणी गेले असेल तर लघवी थोडी आणि गडद होते; मधुमेहात मात्र कितीही पाणी प्यायले तरी तहान भागत नाही आणि लघवीही भरपूर होते.

इन्सुलिन अपुरे पडले की साखर रक्तात असूनही स्नायूंना मिळत नाही. शरीर मग चरबी आणि मांस जाळू लागते, म्हणून पोटभर जेवूनही माणूस वाळतो. साखर जाड माणसालाच होते, हा समज घातक आहे. काटक शरीराच्या कष्टकऱ्यालाही ती होते.

डोळ्यांतील भिंगात पाण्याचे प्रमाण बदलल्याने अंधुक दिसते. गुप्तांगाला वारंवार खाज सुटते, कारण बुरशीला साखर पोसते. सर्वांत जपायचे ते पाय. नसा बधिर झाल्या की मुंग्या येतात, पुढे काटा रुतलेलाही कळत नाही; चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्याच्या चिखल्या मग चिघळतात आणि रक्तपुरवठा मंदावलेला असल्याने भरत नाहीत.

लहान मूल अचानक खूप लघवी करू लागले, रोडावले, उलट्या होऊन जोरजोरात खोल श्वास घेऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्याच्या रक्तात आम्ल साचत असते. उशीर जिवावर बेततो.

अनेकांना मात्र वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. म्हणून तिशीनंतर आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर पुन्हा तपासल्यावरही तेवढी किंवा त्याहून अधिक आली, तर मधुमेह ठरतो. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्यांत तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणी फसवू शकते. या आदिवासी भागात तो आढळतो, म्हणून सिकलसेल असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.