हजार कोटींचा हिशेब आणि ९७ वी जागा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर भरली. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची अंदाजित संख्याही चार लाखांच्या आसपास आहे. म्हणजे नेरळपासून खोपोलीपर्यंतची सगळी गावं, पाडे, कातकरीवाड्या धरून जितकी माणसं, साधारण तितकी. ही तुलना फक्त आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून. या तालुक्यांतल्या लागणीशी तिचा काही संबंध नाही.

या चार लाखांत काही माणसं अशी असणार, की विषाणू रक्तात शिरला, पण एकही गोळी न घेता तो वर्षानुवर्षं मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खालीच राहिला. शास्त्रज्ञ त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात. जगभरातलं प्रमाण ढोबळमानानं दोनशे-तीनशेंत एक. त्या हिशेबानं महाराष्ट्रात दीड-दोन हजार. दोन तालुक्यांच्या गर्दीतून जेमतेम एक गाव.

हे किती अवघड आहे, ते विषाणूचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. उपचार न घेतलेल्या शरीरात एचआयव्हीचे रोज सुमारे एक हजार कोटी नवे कण तयार होतात. पृथ्वीवर माणसं आठशे कोटी. विषाणूची जनुकीय संहिता मात्र अवघी ९,७०० अक्षरांची. आपली तीनशे कोटींहून मोठी. ही ९,७०० अक्षरं उतरवताना तो तीनेक प्रतींमागे एक चूक करतो. एका अक्षराची चूक तीन तऱ्हांनी होऊ शकते, म्हणजे एकूण शक्य चुका २९,००० च्या घरात. रोज लाखो पेशी नव्यानं बाधित होत असताना यातली प्रत्येक चूक एकाच शरीरात, एकाच दिवसात, अनेकदा होऊन जाते. निसटायची वाट शोधायला त्याला डोकं लागत नाही.

आपल्या बाजूला आहेत सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुकं. पेशीच्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे ती पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात. मारक टी-पेशी ते तपासतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी संपवतात. यातल्या एकट्या एचएलए-बी जनुकाचे आजवर नऊ हजारांहून जास्त प्रकार नोंदले गेलेत. आईकडून एक, वडिलांकडून एक, म्हणजे कागदावर चार कोटींहून अधिक जोड्या. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक प्रकार अतिदुर्मीळ आहेत, तरी आकडा छाती दडपवणाराच.

२०१० साली ‘सायन्स’मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. विषाणू आपोआप काबूत ठेवणारे ९७४ जण आणि तो काबूत न राहिलेले २,६४८ जण यांच्या जनुकसंचातल्या सुमारे तेरा लाख जागा ताडून पाहिल्या. ठसठशीत फरकाच्या तीनशेवर जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या सहाव्या गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात! आणखी खोल गेल्यावर बोट टेकलं एचएलए-बी प्रथिनातल्या ९७ व्या अमिनो आम्लावर. तुकडा ज्या खोबणीत बसतो, तिच्या तळाशी ही जागा आहे. बी-५७ मध्ये तिथं व्हॅलिन असतं, बी-२७ मध्ये अ‍ॅस्परॅजिन. हे दोन्ही प्रकार तारक. तेरा लाखांवरून एकावर आलेला शोध मला तरी त्या हजार कोटींपेक्षा जास्त थक्क करतो.

बी-५७ जो तुकडा हमखास मांडतो, तो विषाणूच्या गाभ्याच्या कवचातला आहे. हे कवच सुमारे दीड हजार एकसारख्या प्रथिनांनी रचलेलं असतं. त्या तुकड्यातलं अमिनो आम्ल बदलून विषाणू टी-पेशींना चुकवतो खरा, पण तोच बदल दीड हजार ठिकाणी होतो आणि त्याची वाढच मंदावते. निसटायची वाट सापडते, पण निसटणारा लंगडा होतो.

तरीही बी-५७ हे काही कवचकुंडल नाही. तो असलेल्या बहुतेकांना विषाणू रोखता येत नाही, आणि नसलेले काही जण रोखून दाखवतात. माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा या जनुकांनी उलगडतो. शिवाय बी-५७:०१ असलेल्याला अ‍ॅबाकॅविर हे एचआयव्हीचंच औषध दिलं तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि बी-२७ चं नाव पाठीच्या कण्याच्या संधिवाताशी जोडलेलं आहे. उलट टोकाला, २०२० साली नोंदलेल्या एका अमेरिकन एलिट कंट्रोलर स्त्रीच्या दीडशे कोटी रक्तपेशी तपासल्या, तर अखंड विषाणू एकाही पेशीत सापडला नाही. अशी उदाहरणं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

हे बरंचसं संशोधन विषाणूच्या युरोप-अमेरिकेतल्या ‘बी’ उपप्रकारावर झालेलं. भारतात ‘सी’ उपप्रकाराचं राज्य. म्हणून इथली उत्तरं इथल्याच रक्तात शोधावी लागतात. घाटाखाली परळला केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत आणि घाटावर भोसरीला १९९२ साली ‘नारी’ या नावानं सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत असं काम झालेलं आहे.

पण ते दीड-दोन हजार शोधणं आता आणखी कठीण झालंय. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला गोळ्या सुरू होतात. ते योग्यच, कारण कंट्रोलरच्या शरीरातही धुमसती दाहक्रिया चालू असते. पहिली व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी मात्र सर्वसाधारणपणे उपचाराच्या सहा महिन्यांनंतर होते. तोवर गोळीनं ज्याचा विषाणू दबला तो आणि ज्याचा मुळात वर आलाच नव्हता तो, दोघांच्या कागदावर निकाल एकच छापलेला असतो.