मुंबईहून क्रूझ प्रवास: नियोजन व आरक्षण

मुंबईहून क्रूझ प्रवास म्हणजे मुंबई बंदरातून सुटणाऱ्या पर्यटन-जहाजाने गोवा, लक्षद्वीप, कोची आदी ठिकाणी केलेली सागरी सहल. या सहलीत जहाज हे केवळ वाहन नसते. निवास, भोजन आणि मनोरंजन यांचा समावेश बहुतांशी तिकिटातच केलेला असतो. रेल्वे किंवा विमानाच्या तिकिटापेक्षा क्रूझचे आरक्षण अनेक बाबतींत वेगळे आहे. भाडे माणशी आकारले जाते, पण केबिन दोघांची धरलेली असते. रद्द करण्याचे शुल्क प्रस्थानाची तारीख जवळ येईल तसे वाढत जाते. आणि ठरलेले बंदर गाळण्याचा अधिकार जहाजाच्या कप्तानाला असतो. या अटी आधी माहीत नसल्यास मोठी रक्कम गमावण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

मुंबई आणि कोकण किनारा यांच्यातील सागरी प्रवास नवा नाही. रस्ते अपुरे होते आणि कोकण रेल्वे अस्तित्वात नव्हती, त्या काळात चाकरमानी आगबोटीनेच गावी जात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जात. अनेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे, त्यामुळे उतारूंना खोल पाण्यात पडावात उतरून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या या मार्गावरील अखेरच्या काळातील परिचित बोटी होत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. १९९० च्या दशकात दमानिया कंपनीने मुंबई–पणजी मार्गावर वेगवान कॅटामरान चालवली, परंतु तीही टिकली नाही.

या इतिहासाला दुःखद बाजूही आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि ६०० हून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. भर पावसाळ्यातील या दुर्घटनेची आठवण किनारपट्टीवर आजही काढली जाते.

पर्यटनासाठीच्या देशांतर्गत सहलींना अलीकडच्या काळात चालना मिळाली. २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' या जहाजाचे उद्घाटन झाले. २०१९ मध्ये जलेश क्रूझेस या कंपनीचे 'कर्णिका' हे जहाज मुंबईहून सुरू झाले. मात्र करोनाच्या साथीत २०२० मध्ये ती कंपनी बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसच्या 'एम्प्रेस' जहाजाच्या सहली आयआरसीटीसीच्या सहकार्याने सुरू झाल्या. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले असून तेव्हा त्याचे नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होते. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत 'क्रूझ भारत मिशन'चा आरंभ केला. क्रूझ प्रवाशांची संख्या पाच वर्षांत दुप्पट करणे हे या मोहिमेचे एक उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअर येथील नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

हंगाम आणि मार्ग

अरबी समुद्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबर या महिन्यांत, खवळलेला असतो. त्यामुळे मुंबईहून सुटणाऱ्या सहली सर्वसाधारणपणे पावसाळा ओसरल्यानंतर सुरू होऊन मेपर्यंत चालतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात समुद्र तुलनेने शांत असतो. प्रथमच जाणाऱ्यांस आणि ज्येष्ठ नागरिकांस हा काळ सोयीचा ठरतो. दिवाळी, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या या काळात भाडे चढे असते.

सहली साधारणतः दोन ते पाच रात्रींच्या असतात. मार्ग निवडताना पुढील बाबी तपासाव्यात.

गोवा: मोठी जहाजे पणजीला नव्हे, तर मुरगाव बंदरात लागतात. मुरगाव ते पणजी हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. काही सहली एकेरी असतात व गोव्यातच संपतात. अशा वेळी परतीचे रेल्वे किंवा विमानाचे तिकीट स्वतंत्र काढावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. क्रूझचे आरक्षण त्याच्याही आधी केलेले असल्यास मडगावहून परतीच्या गाडीची तारीख लक्षात ठेवावी.

लक्षद्वीप: या द्वीपसमूहात प्रवेशासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही परवाना लागतो. क्रूझ कंपनी सहसा तो मिळवून देते, परंतु त्यासाठी कागदपत्रे मुदतीत द्यावी लागतात. जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेले जाते. गुडघेदुखी असलेल्यांनी वा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी ही चढ-उतार जमेल का, हे आधी विचारावे. समुद्र अशांत असल्यास बेटावर उतरणे रद्द होऊ शकते.

परदेशी क्रूझ: मराठी कुटुंबांत सिंगापूरहून सुटणाऱ्या सहली लोकप्रिय आहेत. येथे व्हिसाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जहाज सिंगापूर सोडून अन्य देशांत जाते व पुन्हा सिंगापूरला येते. म्हणून एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. भूमध्य समुद्रातील सहलीत जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत येणार असल्यास हाच नियम लागू होतो. व्हँकुव्हरहून अलास्काला जाणाऱ्या भारतीय प्रवाशास कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा आवश्यक असतात. व्हिसा नसल्यामुळे जहाजावर प्रवेश नाकारला गेल्यास भाडे सहसा परत मिळत नाही.

भाड्याचे स्वरूप

जाहिरातीत छापलेला दर बहुधा 'दोघांच्या वास्तव्यावर दर माणशी' असा असतो. समजा, हा दर २०,००० रुपये आहे. दोघांसाठी मूळ भाडे ४०,००० रुपये होईल. परंतु एकट्याने जाणाऱ्यास २०,००० रुपयांत केबिन मिळेलच असे नाही. त्याला रिकाम्या जागेचेही पूर्ण किंवा अंशतः भाडे द्यावे लागते. त्याच केबिनमधील तिसऱ्या व चौथ्या व्यक्तीला मात्र अनेकदा सवलत असते. मूळ भाड्यावर बंदर शुल्क, वस्तू व सेवा कर आणि कर्मचाऱ्यांसाठीची सेवा-रक्कम यांची भर पडते. म्हणून दोन सहलींची तुलना मूळ दरावरून न करता सर्व करांसह होणाऱ्या अंतिम रकमेवरून करावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानी कर-संकलन होते. ही रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात जमा दाखवता येते, त्यामुळे पावती जपून ठेवावी.

भोजनगृहातील जेवण व बरेचसे मनोरंजन तिकिटात धरलेले असते. मद्य, विशेष उपाहारगृहे, किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट आणि वैद्यकीय उपचार यांचा खर्च सहसा वेगळा असतो.

केबिनचे मुख्य चार प्रकार आहेत: खिडकी नसलेली आतील केबिन, समुद्र दिसणारी खिडकी असलेली केबिन, सज्जा असलेली केबिन आणि स्वीट. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरील केबिन निवडावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. नृत्यशाळा किंवा स्वयंपाकघर यांच्या अगदी वर-खाली असलेली केबिन टाळल्यास रात्रीची झोप चांगली लागते. शाकाहारी, जैन वा मधुमेहींसाठीच्या भोजनाची सूचना आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी.

आरक्षण करताना

आरक्षण थेट कंपनीकडे किंवा पर्यटन संस्थेमार्फत करता येते. थेट आरक्षणात बदल करणे सोपे जाते, तर मोठ्या कुटुंबाला किंवा व्हिसाचे काम असणाऱ्यांना अनुभवी संस्थेची मदत उपयोगी पडते. पैसे भरण्यापूर्वी रद्द करण्याच्या अटी लेखी स्वरूपात घ्याव्यात. आरंभीचे काही आठवडे कपात थोडी असते. प्रस्थानाच्या आदल्या काही दिवसांत मात्र ती शंभर टक्क्यांपर्यंत जाते.

कंपनीच बंद पडण्याचा धोकाही गृहीत धरावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या जहाजांवर पुढील प्रवास ठरवलेल्या लोकांच्या रकमा अडकल्या. यास्तव वर्षभर आधी संपूर्ण रक्कम भरण्याऐवजी हप्त्यांची सोय घेणे हिताचे असते. कार्डाने किंवा बँकेमार्फत रक्कम दिल्यास व्यवहाराचा पुरावा राहतो. व्यक्तीच्या खासगी खात्यावर पैसे मागणाऱ्या आणि 'आजच भरा' असा तगादा लावणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. आरक्षण क्रमांक मिळताच तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासावा.

प्रवास-विम्यात वैद्यकीय उपचार, समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि सहल रद्द होणे यांचा समावेश आहे का, हे पाहावे. रक्तदाब, मधुमेह यांसारखे पूर्वीचे आजार जाहीर न केल्यास विमा-दावा नाकारला जाऊ शकतो. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु शस्त्रक्रियेसाठी किनाराच गाठावा लागतो. बहुतेक कंपन्या २४ आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींना आणि सहा महिन्यांखालील बालकांना प्रवेश देत नाहीत.

मरोळ व उपनगरांतून बंदरापर्यंत

मरोळ हा अंधेरी पूर्वेतील भाग विमानतळाजवळ असून तेथून बॅलार्ड पिअर रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. हे अंतर कमी वाटले तरी पश्चिम द्रुतगती मार्गावरील आणि दक्षिण मुंबईतील कोंडीमुळे लागणारा वेळ बेभरवशाचा असतो. जहाजाची नोंदणी-खिडकी प्रस्थानाच्या तास-दीड तास आधी किंवा त्याहूनही लवकर बंद होते, आणि उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो मार्गिका ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून मरोळ नाका स्थानकातून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडी न बदलता जाता येते. तेथून बॅलार्ड पिअरला टॅक्सीने थोड्या वेळात पोहोचता येते. घाटकोपरकडील प्रवाशांना मेट्रो मार्गिका १ ने मरोळ नाक्याला येऊन मार्गिका बदलता येते, अथवा मध्य रेल्वेने थेट टर्मिनस गाठता येते. मुलुंडकरांसही मध्य रेल्वेच सोयीची आहे, तर बोरिवलीकरांना पश्चिम रेल्वेने चर्चगेटला उतरून टॅक्सी घेता येते. रविवारी निघताना मेगाब्लॉकचे वेळापत्रक, जानेवारीत मॅरेथॉनमुळे बंद असलेले रस्ते आणि गणेश विसर्जनाच्या दिवशीचे वाहतूक-निर्बंध पाहून घ्यावेत. परगावाहून विमानाने येणाऱ्यांनी त्याच दिवशीच्या विमानावर विसंबू नये. आदल्या दिवशी येऊन मरोळ–सहार परिसरात मुक्काम केल्यास विमानाच्या विलंबाने सहल हुकत नाही.

प्रस्थानाचा दिवस आणि जहाजावरील वास्तव्य

देशांतर्गत सहलीसाठी पारपत्र लागत नाही. मूळ शासकीय छायाचित्र-ओळखपत्र मात्र मुलांसह प्रत्येकाजवळ असावे. वेब चेक-इन आधी करून सामानाच्या चिठ्ठ्या छापून लावाव्यात. मोठे सामान केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागू शकतात. म्हणून औषधे, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातील पिशवीत ठेवावा. इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती यांसारख्या आगीचा धोका असणाऱ्या वस्तूंना जहाजावर मनाई असते.

प्रस्थानापूर्वी किंवा त्यानंतर लगेच सुरक्षा-कवायत होते. ती औपचारिकता समजून टाळू नये. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार प्रथम झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर हा नियम कडक करण्यात आला. आपले एकत्र जमण्याचे ठिकाण आणि तेथे जाणारा जिना प्रत्येकाने प्रत्यक्ष पाहून ठेवावा.

किनारा दूर गेल्यावर मोबाइल जहाजावरील उपग्रह-जाळ्याशी आपोआप जोडला जाऊ शकतो व मोठे देयक येऊ शकते. म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. बंदरात स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांनी परतीची वेळ काटेकोर पाळावी. कंपनीने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते, खासगी टॅक्सीसाठी थांबत नाही.

तक्रार निवारण

सेवेत त्रुटी आढळल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. बनावट संकेतस्थळामार्फत फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी माहिती मिळाल्यास ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. हवामानामुळे एखादे बंदर गाळले गेल्यास बहुतेक करारांत भरपाईची तरतूद नसते. अशा वेळी न घेतलेल्या सेवांचे, उदाहरणार्थ त्या बंदराचे शुल्क वा तेथील आगाऊ भरलेली सहल यांचे, पैसे मागता येतात. आरक्षणाच्या वेळची जाहिरात, अटी आणि पत्रव्यवहार जतन केलेला असल्यास अशी मागणी सिद्ध करणे सोपे जाते.

हेही पाहा

मुंबई बंदर
भाऊचा धक्का
रामदास बोट दुर्घटना
मुंबई मेट्रो मार्गिका ३
लक्षद्वीप